कुत्रीसाठी काढलेलं पत्रक

आमच्या घरी लिहायला कोरा कागद कधी विकत आणला गेला नाही. बाबा मागावर काम करायचे आणि गल्लीतल्या कामगारांसाठी पत्रकं काढायचे. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत आणि त्यांच्या पाठी कोऱ्या असत. त्या पाठकोऱ्या कागदांवर मी मुळाक्षरं गिरवली, पाढे लिहिले, दहावीची गणितं सोडवली. एका बाजूला हक्काच्या रजेची मागणी, दुसऱ्या बाजूला माझी त्रिकोणमिती. 'जाहीर' हा शब्द मला शाळेत जाण्याआधी वाचता येत होता. अजूनही मी साधं पत्र लिहायला बसले तरी त्यात तीन मागण्या निघतात. लोक हसतात. हसोत. ह्या भाषेनं मला वाढवलं आहे आणि मला तिची लाज वाटत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की, आमची कुत्री गेली त्या दिवशी जे घडलं ते ह्या पाठकोऱ्या कागदांमुळे घडलं.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई घरी विड्या वळायची. एका सकाळी तिच्या पानांच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली काहीतरी हललं. आईनं उंदीर समजून लाटणं उचललं आणि आतून तळहाताएवढं, काळंकरडं पिल्लू बाहेर आलं. आईनं ते तीनदा कोपऱ्यापर्यंत नेऊन सोडलं. तीनदा ते तिच्या आधी घरी पोचलं. संध्याकाळी बाबा कामावरून आले, त्यांनी पिल्लाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "राहायचं तर राहू दे. पण साखळी ह्या घरात येणार नाही. आपण तिचे मालक नाही."

मालक हा शब्द बाबांच्या तोंडी शिवीसारखाच यायचा. त्यामुळे आम्ही तिला नावसुद्धा ठेवलं नाही. घरात तिला 'बाई' म्हणायचो.

बाई चौदा वर्षं आमच्याबरोबर राहिली. सकाळी ती आईबरोबर विडी कारखान्यापर्यंत जायची आणि आईची बंडलं तपासून होईपर्यंत फाटकाबाहेर बसून राहायची. पत्रकं भिंतीवर चिकटवायला आम्ही घरी मैद्याची खळ शिजवायचो. ती खळ तिला फार आवडायची. मी बारावीत असताना माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं, ते चिकटवून मागे वळले, तर बाई त्याचे खालचे दोन कोपरे चाटत होती. पत्रक गळून पडलं. बाबा म्हणाले, "बघ, तुझ्या लिखाणाला चव आहे." त्यानंतर आम्ही पत्रकं उंचावर लावायला लागलो.

शेवटच्या महिन्यात तिची मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की वय झालंय, त्रास होऊ देऊ नका, पाणी पाजत राहा. मी चमच्यानं पाणी पाजत राहिले. एप्रिलमधल्या एका सकाळी, आई विड्या वळायला बसली होती तेव्हा, बाई नेहमीसारखी तिच्या गुडघ्याला टेकून पडली. थोड्या वेळानं आईचे हात थांबले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेली गं."

शेजारच्या एका काकांनी दारातून डोकावून हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं, "ऊन वाढायच्या आत बघा. आत्ता घंटागाडी येईल, देऊन टाका."

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो उपायच होता. पण मला जे झालं ते मी लिहू शकत नाही. खरकटं, कचरा, तुटक्या चपला आणि त्यावर आमची बाई. मी म्हणाले, "ती गल्लीतून जाईल. पण कचऱ्यातून जाणार नाही." घोषणेसारखंच म्हणाले. मला दुसरं बोलता येत नाही.

बाबा पहार घेऊन आले. गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे एक कडुनिंब आहे. आम्ही दोघं खणायला लागलो. सोलापूरची जमीन ज्यांनी खणली आहे त्यांना माहीत आहे: वीतभर माती आणि खाली मुरूम. पहार मारली की ती टणकन उडते आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. बाबांचे गुडघे गेलेत, आता ते मागावर उभे राहत नाहीत, बसून चादरींच्या घड्या घालतात. तासाभरात आमचा खड्डा घमेल्याएवढा झाला. बाबा घाम पुसत म्हणाले, "मोठी पहार लागेल. बघतो कुणाकडे मिळते." आणि ते सायकल घेऊन गेले.

ते गेले आणि मी जे केलं ते त्यांच्या माघारी केलं. हे मला माहीत होतं, म्हणूनच माघारी केलं.

आमच्या गल्लीत तीन कारखाने आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं यंत्रमाग, त्यांवर टॉवेल आणि चादरी निघतात. पहाटेपासून त्यांची खडखड चालू होते. आमच्याकडे शांतता झाली की लोक विचारतात, लाईट गेली का? पण एक शांतता वेगळी असते. गल्लीत कुणी वारलं तर तिरडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिन्ही कारखान्यांतले माग बंद राहतात, आणि त्या वेळाची मजुरी कापली जात नाही. ही रीत कुठून आपोआप आलेली नाही. मी पाळण्यात असताना बाबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती मागून, भांडून मिळवली. त्याआधी माणसाची तिरडी मागांच्या खडखडाटातून जायची, रडणं ऐकू यायचं नाही. बाबांनी आयुष्यात मिळवलेल्या गोष्टींत ह्या शांततेचा नंबर पहिला.

मला ती शांतता बाईसाठी हवी होती.

मी पलंगाखालून एक पाठकोरा कागद ओढला. जाड अक्षरांत मथळा लिहिला: 'आज सकाळी अकरा वाजता माग बंद!' बाबांचा नियम होता की मागणी आधी, कारण नंतर, कारण लोक उभ्या उभ्या पहिली ओळच वाचतात. मथळ्याखाली मी श्रमाबद्दल लिहिलं, राखणीबद्दल लिहिलं, जे मोबदला न मागता आयुष्यभर सोबत करतात त्यांच्या सन्मानाबद्दल लिहिलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात थांबत नव्हता. पान भरलं. मग कागद उलटा केला. मागच्या बाजूला जुन्या पत्रकाचा मजकूर होता, त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत कारण लिहिलं: आमची कुत्री आज सकाळी गेली, तिला टाकीमागे पुरणार आहोत, तिच्यासाठी घटकाभर माग थांबवावेत ही विनंती.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे आमच्या घरचे कागद वर्षानुवर्षं जातात. आमच्या कागदाची मागची बाजू म्हणजे जुना कचरा, हे त्याला पाठ झालेलं. त्यानं सवयीनं पुढचीच बाजू काढली. तीस प्रती माझ्या हातात आल्या आणि मी एकही उलटून पाहिली नाही.

कारखान्यात मागांच्या आवाजात बोलता येत नाही. तिथे सगळं खुणांनी चालतं. मी आत जायचे, ओळीनं एकेकाच्या हातात कागद द्यायचे, बाहेर यायचे. माझे डोळे लाल होते. त्यांनी मथळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मला वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत.

अकराला पहिला कारखाना थांबला. मग दुसरा. मग तिसरा. मी दारात उभी होते आणि तो आवाज एकेक धागा तुटावा तसा संपत गेला. टाकीतून पाणी ठिबकत होतं ते ऐकू यायला लागलं. मी आतापर्यंत जिंकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला तो क्षण मोठा वाटला. आणि तेवढ्यात बाबा सायकल रस्त्यात टाकून धावत आले. गुडघे गेलेला माणूस धावत आला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. "माग का बंद झाले? कोण गेलं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, उलटा केला. मागची बाजू पांढरी होती.

"कारण कुठाय?"

मला तेव्हा कळलं. झेरॉक्सवाल्यानं एकच बाजू काढली होती.

बाबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश बोलले, "आज लोक तुझ्या शब्दावर थांबलेत. कशासाठी ते त्यांना माहीत नाही. ह्याला काय म्हणतात ते मी तुला लहानपणापासून शिकवलंय." मग म्हणाले, "उद्या खरंच कुणी माणूस गेला, तर मालक विचारेल, दाखव मयत. तेव्हा काय उत्तर देणार? जा. तिन्हीकडे जा आणि स्वतःच्या तोंडानं सांग. ज्याला माग चालू करायचा त्याला करू दे."

आईनं तोवर बाईला एका चादरीत गुंडाळलं होतं. विणताना नक्षी चुकली म्हणून बाजूला पडलेली, पण नवी कोरी लाल चादर. मी तिच्याकडे पाहिलं आणि गेले.

पहिल्या कारखान्यात माझ्याच वयाचा एक मागवाला मागाला टेकून उभा होता. आम्ही एका शाळेत होतो. तो मला लीडर म्हणतो, अर्थात टोमण्यानं. "काय लीडर, कशाचा बंद हाय? मजुरीचा की लाईट बिलाचा?"

मी सांगितलं. पत्रकात यायचं राहिलं ते सगळं सांगितलं. शांततेत माझा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता.

"कुत्र्यासाठी?" तो म्हणाला. "कुत्र्यासाठी माग थांबवायलीस? आमी इथं म्हणलं मालकाशी भांडण लागलंय, आता लई मजा येणार. अन् ही कुत्रं घेऊन बसली!" दोघं-तिघं हसले. त्यानं दांडी ओढली आणि त्याचा माग खडखडायला लागला. बाकीचे मात्र आपापल्या मागाशी तसेच उभे होते, माझ्याकडे बघत. मला तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

दुसऱ्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी अक्का दारातच बसली होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी ती तिच्या मराठीत बोलते, आणि गल्लीत तिला बाई मुळीच आवडत नाही अशी ख्याती होती. बाई तिच्या दारावरून गेली की अक्का झाडू उचलायची. मी मान खाली घालून सगळं सांगितलं आणि झाडूची वाट पाहिली.

"कधी गेली?" तिनं विचारलं.

"सकाळी. आईच्या मांडीशी."

"अय्यो." तिनं हातातली कांडी खाली ठेवली. "खड्डा झाला का?"

"नाही. मुरूम लागलाय. बाबांना झेपत नाही."

"मग आधी ते सांगायचं की गं! एवढं भाषण लिवलंय, मुरूम लागलाय एवढंच न्हाय लिवलं?" ती उठली आणि आत वळून ओरडली, "चला रे, पोरं! पहार घ्या! लीडरला खड्डा पण खणता येत न्हाय!"

तिसऱ्या कारखान्यात गल्लीतले सगळ्यांत वयस्क मागवाले मामा आहेत. त्यांना सांगेपर्यंत बातमी माझ्या पुढे पळाली होती. ते चपला घालत होते. मी म्हणाले, "मामा, चूक माझी आहे. तुम्हाला फसवून थांबवलं. पाहिजे तर चालू करा."

"व्हय, चूक तर हायच," मामा म्हणाले. "तुझा बाप बरोबर बोलतोय. मयताची सुट्टी म्हणून ही घ्यायची न्हाय. ती माणसांची हाय, तिला हात लावायचा न्हाय." ते कारखान्याकडे वळले. "आज जेवणाची सुट्टी आत्ता घ्यायची. साडेबाराला कुणी मागावरून हलायचं न्हाय, भाकरी कामावर उभ्यानं खायची. कबूल?"

कुणी हात वर केले नाहीत, ठराव झाला नाही. सगळे नुसते बाहेर पडले आणि जाता जाता तोच निरोप बाकीच्या दोन कारखान्यांतही गेला. मी अनेक ठराव पाहिले आहेत. इतका पक्का एकही नव्हता.

टाकीमागे जाऊन बघते तर पंधरा-वीस माणसं. पहारी दोन होत्या, तिसरी कुणीतरी पलीकडच्या गल्लीतून आणली. मुरूम फुटत होता. एक दमला की दुसरा पहार घ्यायचा. मागवाल्यांचे हात असे चालत होते की मी आणि बाबांनी तासभर काय केलं ह्याचीच लाज वाटावी. तेवढ्यात पहिल्या कारखान्यात चालू असलेला एकुलता एक माग थांबला आणि माझा शाळासोबती तावातावानं आला.

"सगळे हिकडं अन् मी एकटाच माग हाणायलोय! मालकाचा जावई हाय का काय मी?" त्यानं मामांच्या हातून पहार घेतली. "सरका मामा. ह्यो काय खड्डा हाय? ह्यात कोंबडी बी मावायची न्हाय."

खड्डा कमरेइतका त्यानंच केला.

पहिल्या कारखान्याचे शेठ मोटारसायकलवरून आले. सगळ्यांना एकदम मोकळं पाहून त्यांचा चेहरा उतरला होता, ते खरोखरच काळजीत होते. "कोण वारलं?"

मला वाटलं आता बाबा गुळमुळीत काहीतरी म्हणतील. बाबा म्हणाले, "आमची कुत्री."

शेठ खड्ड्याकडे बघत राहिले. "आणि त्यासाठी माग बंद? अहो, ती अट माणसांसाठी आहे."

"माणसांसाठीच हाय," मामा म्हणाले. "ती आमी वापरलेली न्हाय. ही आमची जेवणाची सुट्टी. ती कुटं घालवायची, कुणासाठी घालवायची, ह्ये आमी ठरिवणार. तुमाला खायचं असल तर तुमी जावा शेठ, तुमची भाकर गार हुईल."

शेठ हसले. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसले. मोटारसायकल स्टँडवर लावून तेही उभे राहिले, जरा लांब.

आईनं बाईला स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. माती ओढली. वर मोठे दगड रचले, कुणी उकरू नये म्हणून. मग सगळे बाबांकडे पाहायला लागले, कारण आमच्या गल्लीत अशा वेळी चार शब्द बाबाच बोलतात. बाबांनी घसा साफ केला. "बंधू-भगिनींनो," ते म्हणाले आणि त्यांना पुढे बोलता आलं नाही. शेकडो सभांत न अडखळलेला माणूस तोंडाला रुमाल लावून उभा राहिला.

म्हणून मी पुढे झाले. माझ्या डोक्यात एकही घोषणा नव्हती. मी एवढंच म्हणाले, "ती चौदा वर्षं आमच्या घरी जेवली."

"तुमच्या घरी?" अक्का म्हणाली. "तुमच्या घरी कधी जेवली? सकाळी सातला माझ्या दारात असायची. भात खायची, ताक घालून. रोज!"

"अक्का, तू तर झाडू मारायचीस तिला!"

"झाडू दाखवायची. तुमाला दिसावं म्हणून. न्हायतर सगळ्या गल्लीची कुत्री माझ्या दारात यायची की."

शाळासोबती पहारीला टेकून म्हणाला, "सातला भात? मग आठला माझ्याकडं पाव खायला कोण यायचं?" मामा म्हणाले, "तीन वाजताचा चहा ती माझ्या बशीतून प्यायची, साखर कमी झाली तर तोंड फिरवायची." आणि मग एकच गलका उठला. हिच्याकडे शिळी भाकरी, त्याच्याकडे बिस्किटं, रविवारी कुणाकडे हाडं. प्रत्येक घरात तिला वेगळं नाव होतं, आणि प्रत्येक घराची खात्री होती की बाकीच्यांकडे ती नुसती फिरायला जाते. शेठसुद्धा लांबून म्हणाले, "ऑफिसच्या पायरीवर झोपायची. मी पंखा लावून ठेवायचो."

आई हसायला लागली. रडत रडत, पोटावर हात ठेवून हसली. "आणि मी म्हणायची, हिला भूक का लागत नाही? डॉक्टरला विचारलं होतं मी!"

सकाळपासून माझ्या छातीत जो दगड होता तो मला वाटत होतं आमच्या घराचा आहे, आमच्या एकट्यांचा. तो वीस जणांत वाटला गेला. दुःख हलकं झालं असं मी म्हणणार नाही, ते शब्द मला पटत नाहीत. ते सगळ्यांचं झालं. साखळी नको, मालक नको, असं बाबा म्हणाले तेव्हा त्यांनासुद्धा माहीत नव्हतं की ही कुत्री ते इतकं मनावर घेईल. आम्ही पत्रकांत जे जे मागत आलो, ते ती चार पायांवर घरोघर जगून गेली. आणि तिच्या शेवटच्या दिवशी तीन कारखान्यांतल्या माणसांनी, कुणी सक्ती न करता, स्वतःची सुट्टी देऊन तिला पोचवलं.

सुट्टी संपत आली तरी वाद चालूच होता. अक्काचं म्हणणं होतं की जी सकाळी पहिल्यांदा येते ती त्या घरची. मामांचं म्हणणं होतं की चहा प्यायला माणूस आपल्याच माणसाकडे जातो. मी दोन्ही हात वर करून ओरडत होते की टोपलीत ती आमच्या सापडली, हा पुरावा आहे, आणि शाळासोबती माझ्या तोंडावर म्हणत होता, "लीडर, कागद दाखव!" एकेक जण भांडत भांडतच कारखान्यात शिरला. माग चालू झाल्यावर ऐकू येईना, तर अक्का दारातून मला खुणा करून सांगत होती: सात वाजता, भात, ताक.

तो वाद अजून मिटलेला नाही. तो मिटू नये, अशी माझी जाहीर भूमिका आहे.